पक्ष्यांसाठी ३ मैलांची भिंत बांधली, पोरानं सगळं साबणवाल्या वैऱ्याच्या घरात घातलं

घराभोवती भिंत बांधायची म्हटलं की आपल्याकडं कारणं दोनच असतात. एक चोर आणि दुसरं भाऊबंद.

पण २०० वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका जमीनदारानं आपल्या वाड्याभोवती, जंगल आणि तळ्यासकट, तब्बल ३ मैलांची दगडी भिंत घातली. भिंत कशासाठी? तर पक्ष्यांसाठी.

काम १८२१ साली सुरू झालं आणि १८२६ साली संपलं. भिंत साधारण ८ फूट उंच होती, कालव्याच्या बाजूला तर १६ फुटांपर्यंत गेली होती. खर्च आला सुमारे ९ हजार पौंड, म्हणजे त्या काळात डोळे पांढरे होतील एवढी रक्कम. जमीनदार दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता. इतर जमीनदार वाइनवर जे पैसे उडवतात ते आपण भिंतीत घातले, असा त्याचा हिशोब होता.

हा जमीनदार म्हणजे चार्ल्स वॉटर्टन. जगातलं पहिलं आधुनिक पक्षी अभयारण्य त्यानं उभं केलं असं अनेक जण मानतात. आता आपल्याकडं देवराया त्याच्याही कितीतरी आधीपासून होत्या, त्यामुळं पहिलं कोणतं यावर वाद घालता येईल. पण देवाच्या भीतीनं नाही, पक्षी जगावेत एवढ्यासाठी स्वतःच्या मालकीची अख्खी जागा बंदिस्त करायची, हे त्या काळात नवीनच होतं.

शाळेनं उंदीर मारायचं काम दिलं

वॉटर्टनचा जन्म ३ जून १७८२ चा. गाव यॉर्कशायर परगण्यातल्या वेकफिल्ड शहराजवळचं वॉल्टन. घर म्हणजे वॉल्टन हॉल. एका तळ्याच्या मधोमध बेट, त्या बेटावर वाडा आणि वाड्यात जायला छोटा पूल.

घराणं जुनं होतं, जमीन भरपूर होती, पण एक अडचण होती. वॉटर्टन कॅथलिक होते. इंग्लंडमध्ये त्या काळी कॅथलिकांना खासदार होता येत नव्हतं, सरकारी पदं मिळत नव्हती, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारंही बंद होती. त्यामुळं मोठ्या घरातल्या पोरानं जे करायचं असतं, त्यातलं बरंच काही चार्ल्सला करता येणार नव्हतं. मग त्यानं केलं काय? तर झाडावर चढून घरटी बघितली.

१७९६ साली त्याला स्टोनीहर्स्टच्या जेझुइट शाळेत घातलं. पोरगं वर्गात कमी आणि रानात जास्त, हे तिथल्या पाद्र्यांच्या लवकरच लक्षात आलं. त्यांनी त्याला छड्या मारत बसण्याऐवजी शाळेच्या आवारातले उंदीर पकडायचं अधिकृत काम देऊन टाकलं. कायम दारूपासून लांब राहायचा सल्लाही त्याला इथल्याच एका शिक्षकानं दिला. तो त्यानं मरेपर्यंत पाळला.

गुलामांच्या मळ्यावरून जंगलात

१८०४ साली वॉटर्टन दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारा भागात गेला. आजच्या गयाना देशाचा तो एक भाग. तिथं त्याच्या काकांचे मळे होते आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. वॉटर्टननं पुढं गुलामगिरीच्या विरोधात लिहिलं, पण १८१२ पर्यंत तो तिथल्या मळ्यांचा कारभार बघत होता. पुढं त्याच्या अभयारण्याची कहाणी कितीही गोड वाटली तरी हा भाग वगळून ती सांगता येत नाही.

१८१२ साली मळ्याचं काम सोडून तो जंगलात शिरला. शोधायचं होतं क्युरारे, म्हणजे तिथले आदिवासी बाणांना लावायचे ते विष. ते त्याला मिळालं. १८१४ साली लंडनमध्ये त्या विषावर प्रयोग झाले. एका गाढविणीला विष टोचलं, तिचा श्वास थांबला, पण भात्यानं फुप्फुसात हवा भरत राहिल्यावर ती काही तासांनी उठून उभी राहिली. क्युरारे हृदय बंद पाडत नाही, श्वासाचे स्नायू लुळे पाडतं, हे त्यातून कळलं. पुढच्या शतकात डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला हेच द्रव्य वापरलं. त्या गाढविणीचं नाव ठेवलं वौरालिया. तिची रवानगी वॉल्टन हॉलला झाली आणि १८३९ पर्यंत ती तिथं आरामात चरत होती.

पुढच्या काही वर्षांत त्यानं आणखी तीन सफरी केल्या. त्यातल्या एकीत तो जिवंत केमनच्या, म्हणजे मगरीच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीवर बसला आणि त्याला पाण्याबाहेर काढलं. हे सगळं त्यानं १८२५ साली पुस्तकात लिहिलं. लोकांनी त्याला थापाड्या म्हटलं, पण पुस्तक धडाक्यात खपलं.

याच जंगलात त्यानं जॉन एडमनस्टोन नावाच्या एका गुलाम तरुणाला मेलेले पक्षी टिकवायची कला शिकवली. हा जॉन पुढं स्वतंत्र झाला, एडिनबरोला गेला आणि तिथं त्यानं ती कला एका कॉलेजच्या पोराला शिकवली. त्या पोराचं नाव चार्ल्स डार्विन.

थोडक्यात, वॉटर्टननं आयुष्यात पक्षी भरपूर मारले होते. त्याच्या घराच्या जिन्यात पेंढा न भरता बनवलेल्या पक्ष्यांचे नमुने मांडलेले होते. पण इंग्लंडमध्ये परतल्यावर त्यानं स्वतःच्या आवारात बंदुकीला बंदी घातली.

तेव्हा इंग्लंडमध्ये पक्ष्यांचं चाललं होतं काय

त्या काळच्या इंग्लंडमध्ये पक्ष्यांचे दोनच प्रकार होते. शिकारीचे आणि निकामी. फेझंट आणि तितर मालकाच्या शिकारीसाठी जपायचे आणि त्यांच्या आड येणारा प्रत्येक जीव संपवायचा. त्यासाठी जमीनदार पगारी रखवालदार ठेवायचे. घुबड, ससाणा, कावळा, मॅगपाय, वीझल, जे दिसेल ते मारायचं आणि काम केल्याचा पुरावा म्हणून कुंपणाला टांगायचं.

गाणाऱ्या पक्ष्यांची तऱ्हा वेगळी होती. लिनेट आणि गोल्डफिंच चिकट डिंक लावून धरायचे आणि पिंजऱ्यात घालून बाजारात विकायचे. चंडोल खायला बाजारात यायचे. घरट्यातली अंडी जमवणं हा पोरांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांचा छंद होता. यातलं काहीच बेकायदा नव्हतं, कारण साध्या रानपाखरांना वाचवणारा कायदाच नव्हता.

वॉटर्टननं पहिलं पाऊल उचललं ते १८१३ साली, सफरीवरून परतल्यावर. तळ्याकाठी जुन्या दरवाजाची पडकी कमान उभी होती. तिच्यावर त्यानं दगड-चुन्यात एक खोली बांधली, साधारण ४ फूट लांब-रुंद. आत बसायला ओकच्या लाकडाचा दांडा ठोकला. ही खोली गव्हाणी घुबडासाठी होती.

घुबड ओरडलं की घरात कुणीतरी जाणार, हा समज काही आपल्याच गावातला नाही. यॉर्कशायरमध्येही तो पक्का होता. वॉटर्टनच्या घरची म्हातारी कारभारीण तर या घुबडांच्या धास्तीनं हैराण झाली होती. पण जोडी आली आणि नांदली. वॉटर्टन खाली पडलेल्या उलट्यांच्या गोळ्या गोळा करायचा आणि फोडून बघायचा. एकेका गोळीत ४ ते ७ उंदरांचे सांगाडे निघायचे. पिल्लं असताना ही जोडी दर १२ ते १५ मिनिटांनी एक उंदीर आणते, हे त्यानं बसून मोजलं होतं. ज्या पक्ष्याला शेतकरी गोळी घालतोय तोच त्याचं धान्य वाचवतोय, हे त्यानं लिहून लोकांसमोर मांडलं.

भिंतीच्या आत नेमकं होतं काय

भिंतीनं चोरटे शिकारी आणि कुत्री बाहेर राहिली. कोल्हे आणि बिज्जूही बाहेर काढले. पण नुसती भिंत घातल्यानं पाखरं येत नाहीत. त्यांना लागतं खाणं, पाणी, लपायला जागा आणि अंडी घालायला बीळ किंवा ढोली. वॉटर्टननं याच चार गोष्टींवर ४० वर्षं काम केलं.

पहिली गोष्ट, त्यानं वाळलेली झाडं तोडली नाहीत. नीटनेटक्या बागेत मेलेलं झाड म्हणजे कचरा असतो, पण पक्ष्याला तिथं किडे मिळतात आणि ढोलीही मिळते. पडक्या भिंतींवर आणि बुंध्यांवर त्यानं आयव्हीचे वेल चढू दिले. हा वेल थंडीतही हिरवा राहतो, त्याची फळं अशा वेळी पिकतात जेव्हा रानात दुसरं काही नसतं आणि त्याच्या दाट पानांत थ्रशसारखे पक्षी रात्र काढतात. हॉली आणि यूची दाट कुंपणं लावली, तीही याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट ढोल्यांची. नैसर्गिक ढोल्या कमी पडल्या तेव्हा त्यानं कृत्रिम तयार केल्या. त्याचा लाडका पक्षी स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला, दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढणारा आणि दिवसभर बडबड करणारा. तो कबुतरांची अंडी फोडतो असा आळ घेऊन लोक त्याला मारायचे. वॉटर्टनच्या मते हा आळ खोटा होता आणि खरा चोर उंदीर होता.

स्टार्लिंगसाठी त्यानं दगडी बुरूज बांधला. बुरूज एका खांबावर उभा होता आणि खांबाच्या वरच्या टोकाला बाहेर आलेली चपटी फरशी होती, म्हणजे उंदीर चढला तरी तिथं अडकणार. बुरजाला भोकं होती आणि प्रत्येक भोकात सुटा दगड बसवला होता. त्या दगडाचा एक कोपरा कापलेला. कोपरा एवढाच कापायचा की स्टार्लिंग आत जाईल, पण कावळ्याच्या जातीचा जॅकडॉ किंवा घुबड जाणार नाही. दगड काढला की आतलं घरटं बघता येतं, साफही करता येतं.

आज दुकानात मिळणाऱ्या लाकडी घरट्यांचं सगळं गणित यातच आहे. चिमणीसाठी ३२ मिलिमीटरचं भोक, स्टार्लिंगसाठी ४५ मिलिमीटरचं. भोक मोठं झालं की घर दुसराच कुणीतरी बळकावतो.

सँड मार्टिन नावाची छोटी पाकोळी नदीकाठच्या मातीच्या कड्यात बिळं करून राहते. वॉटर्टनच्या आवारात असा कडा नव्हता. मग त्यानं एका भिंतीत पाण्याच्या नळीसारखी खोल भोकं ठेवली. पाकोळ्या आल्या आणि राहिल्या. आजही अभयारण्यांमध्ये या पाकोळ्यांसाठी जे कृत्रिम कडे बांधतात, त्यांची पद्धत हीच आहे.

तिसरी गोष्ट शांतता. हिवाळ्यात बदकं तळ्यावर उतरली की होडी घालायची नाही असा नियम होता. घरात दुर्बीण ठेवलेली असायची, बघायचं असेल तर खिडकीतून बघा. आजूबाजूच्या रखवालदारांनी मारून हाकललेले राखी बगळे, कावळे आणि मॅगपायही इथं बिनघोर घरटी करायचे.

चोरट्या शिकाऱ्यांसाठी त्यानं वेगळाच डाव टाकला. लाकडाचे फेझंट करून झाडांवर बसवले. रात्रीच्या अंधारात शिकारी त्यांच्यावर बार टाकत बसायचे आणि खरे फेझंट दुसऱ्या झाडावर झोपलेले असायचे.

एका जिवाला मात्र इथं माफी नव्हती, तो म्हणजे तपकिरी उंदीर. हा उंदीर प्रोटेस्टंट राजाच्या जहाजातून इंग्लंडमध्ये आला असं वॉटर्टन ठासून सांगायचा. त्याच्या लेखी उंदीर मारणं हे धर्मकार्यच होतं.

रोमच्या बाजारातले पिंगळे

१८२९ साली वॉटर्टननं लग्न केलं. मुलगी ॲन एडमनस्टोन, वय १७. तो ४६ वर्षांचा. तिची आजी गयानातल्या आरावाक जमातीची होती. वर्षभरातच, एप्रिल १८३० मध्ये, मुलगा एडमंडच्या जन्मानंतर ॲन वारली. वॉटर्टन त्यानंतर कधी गादीवर झोपला नाही. उघड्या जमिनीवर, डोक्याखाली लाकडाचा ठोकळा घेऊन झोपायचा. ॲनच्या दोन बहिणी, एलिझा आणि हेलन, घर सांभाळायला आल्या आणि तो असेपर्यंत तिथंच राहिल्या.

त्यांच्यासोबत तो युरोपभर फिरला. रोमच्या बाजारात छोटी पाखरं ढिगानं खायला विकली जाताना त्यानं बघितली. तिथंच त्याला लिटल आऊल दिसली, म्हणजे आपल्या पिंगळ्याचे सख्खे भाऊबंद. इटलीतले लोक ही घुबडं बागेतले किडे आणि गोगलगायी खायला पाळायचे. वॉटर्टननं डझनभर विकत घेतली आणि गाडीत घालून इंग्लंडकडं निघाला.

वाटेत जर्मनीतल्या आखेन शहरात त्याला वाटलं, प्रवासाची धूळ बसलीय, यांना गरम पाण्यानं अंघोळ घालू. पक्षी गारठले आणि त्यातले पाच मेले. काही पुढच्या प्रवासात गेले. मे १८४२ मध्ये उरलेले पाच वॉल्टनच्या आवारात सोडले, पण त्यांची वस्ती काही टिकली नाही. आज पक्षी वाचवणाऱ्या संस्था पहिल्यांदा हेच सांगतात की जखमी किंवा घाबरलेल्या पक्ष्याला अंघोळ घालू नका, पाणी पाजू नका, उबदार अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि जाणकाराला फोन करा. माया पुरेशी नसते, हे त्या पाच पक्ष्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं.

वॉल्टनचं आवार त्यानं लोकांनाही मोकळं ठेवलं होतं. वेकफिल्डचे कामगार सुट्टीच्या दिवशी इथं यायचे. १८४५ साली डार्विनही येऊन गेला. वॉटर्टन तेव्हा साठीत होता, पण अनवाणी पायांनी झाडावर चढून घरटी बघणं काही थांबलं नव्हतं.

भिंत धुराला अडवू शकली नाही

आता येतो खरा विषय.

वॉटर्टनच्या भिंतीनं माणूस अडवला, कुत्रा अडवला, कोल्हा अडवला. पण शेजारी साबणाचा कारखाना उभा राहिला. सिम्पसन आणि त्याच्या भागीदाराचा. साबणाला लागणारा सोडा बनवताना निघणारी आम्लाची वाफ थेट भिंतीवरून आत यायची. झाडं करपायला लागली. ओढ्यांचं पाणी नासलं.

वॉटर्टन कोर्टात गेला. ही लढाई कित्येक वर्षं चालली. कारखान्याचा धूर आणि झाडाचं मरण यांचा संबंध कोर्टात सिद्ध करायचा, हे आजही सोपं नाही. तेव्हा तर प्रदूषणाचा कायदाच नव्हता. शेवटी कारखाना तिथून हलला. इंग्लंडमध्ये अशा आम्लाच्या वाफेवर पहिला कायदा आला १८६३ साली. तोवर वॉटर्टन ८१ वर्षांचा झाला होता.

मे १८६५ मध्ये आपल्याच जंगलात लाकडाचा ओंडका उचलताना तो पडला आणि दोन दिवसांनी, २७ मे रोजी, गेला. शवपेटी होडीतून तळ्यापलीकडं नेली आणि त्यानं स्वतः निवडून ठेवलेल्या जागी, दोन ओकच्या मध्ये पुरली. होडीमागून पक्षी उडत आले होते असं म्हणतात. खरं असो वा नसो, यॉर्कशायरमध्ये ते अजून सांगितलं जातं.

मग कारभार आला एडमंडकडं. एडमंड बापासारखा नव्हता. खर्चिक होता आणि कर्जात बुडाला होता. ज्या आवारात ४० वर्षं बार झाला नव्हता तिथं त्यानं मित्रांना शिकारीला बोलावलं. झाडं तोडून विकली. मावश्यांना घर सोडावं लागलं. आणि १८७० च्या दशकात त्यानं वॉल्टन हॉल विकून टाकला.

घेतला कुणी? त्याच साबणवाल्या सिम्पसनच्या मुलानं.

मग उरलं काय

एका माणसाच्या पैशावर आणि हट्टावर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसाबरोबर संपली. वॉटर्टनकडं जमीन होती, भिंत होती, ज्ञान होतं. नव्हता तो फक्त कायदा. तो गेला आणि चारच वर्षांनी, १८६९ साली, ब्रिटिश संसदेनं समुद्री पक्ष्यांना वाचवणारा कायदा केला. १८८० साली रानपाखरांचा कायदा आला. वॉल्टनच्या पक्ष्यांसाठी दोन्हीला उशीर झाला होता.

नाव मात्र एका वेगळ्याच ठिकाणी टिकलं. १८५८ साली थॉमस ब्लॅकिस्टन नावाच्या संशोधकानं कॅनडातल्या रॉकी पर्वतातल्या काही तळ्यांना वॉटर्टनचं नाव दिलं. वॉटर्टननं ती तळी कधीच बघितली नव्हती. १८९५ साली सरकारनं तो भाग राखीव केला आणि आज ते वॉटर्टन लेक्स राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं एकही भिंत नाही, पण ते विकायचा अधिकार कुणाच्या पोराला नाही.

वॉल्टन हॉलचं आता हॉटेल झालंय आणि शेजारी गोल्फचं मैदान आहे. भिंतीचे काही तुकडे अजून उभे आहेत. वॉटर्टननं जमवलेले नमुने वेकफिल्डच्या संग्रहालयात आहेत. २०१३ साली त्या संग्रहालयाच्या नव्या जागेचं उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनी केलं.

आणि त्याची युक्ती जगभर पसरली. आज कुणी गॅलरीत चिमणीसाठी लाकडी खोकं टांगतं, भोक छोटं ठेवतं, मांजर पोचणार नाही एवढ्या उंचीवर लावतं आणि विणीचा हंगाम संपला की उघडून साफ करतं. त्याला ना ३ मैलांची भिंत लागते ना ९ हजार पौंड. एक खोकं लागतं आणि वाळलेलं झाड कचरा म्हणून तोडायच्या आधी त्यात कुणी राहतंय का, एवढं बघायची सवय लागते.